निरोपाचं डायलिसिस

पडद्यावर दोनच आकडे होते. डावीकडे लाल रंगात अकरा, उजवीकडे हिरव्या रंगात चार. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं जिन्यावर बसली, जिना भरला तशी भिंतीला टेकून उभी राहिली. त्यातल्या कितीतरी जणांच्या हातावर डायलिसिसच्या सुयांनी फुगलेल्या शिरा मला लांबूनही दिसत होत्या. निम्मी गर्दी माझ्याच पेशंटांची होती म्हणा ना!

"क्रिएटिनिन अकरा!" व्यासपीठावरचा माणूस ओरडला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. "म्हणजे रक्तात विष किती?"

"अकरा!" गर्दी.

"थेंब घेतला. एकच! रात्र गेली, सकाळ झाली. आता किती?"

"चार!"

आणि मग टाळ्या. काय त्या टाळ्या! माझ्या शेजारची बाई तर डोळे पुसत होती.

या माणसाला सगळे 'थेंबवाले' म्हणतात. पूर्वी तो दारोदार हिंडून वॉटर फिल्टर विकायचा, आता किडन्या दुरुस्त करतो. धंदा तोच, फिल्टर तेवढा बदलला.

"किडनी म्हणजे काय हो?" तो आता आवाज खाली आणून घरगुती बोलायला लागला. "गाळणी! चहाची गाळणी तुंबली तर तुम्ही काय करता? फेकून देता? आणि तिच्या जागी कपाटाएवढं मशीन आणून ठेवता? अहो, धुता ना! मग हे मोठे डॉक्टर धूत का नाहीत? कारण त्यांना धुता येत नाही!"

हशा पिकला. मी त्या मोठ्या डॉक्टरांपैकी एक. उभा जन्म या दोन मुठीएवढ्या अवयवांपायी घालवला, आणि इथे मागच्या रांगेत बसून स्वतःची टिंगल ऐकत होतो. उठून गेलो असतो, पण जाता येत नव्हतं. कारण पडद्यावरच्या त्या दोन्ही आकड्यांखाली माझ्याच विभागाचा शिक्का होता, आणि पडद्याशेजारी, ठेवणीतले कपडे घालून, हसऱ्या चेहऱ्यानं जी बाई बसली होती ती माझी थोरली बहीण होती.

"बघितलंत?" भाऊजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, मला कोपरानं ढोसलं. तेच मला ओढून घेऊन आले होते. "तुमचाच रिपोर्ट आहे. आता बोला."

थेंबवाल्यानं मग रीत समजावून सांगितली. रीत मोठी सुरेख होती. "थेंब असा उठून आलेल्या कोणालाही मिळत नाही. आधी मशीनचा निरोप घ्यायचा. सकाळी रक्त तपासायचं. मग दवाखान्यात जायचं, शेवटचं डायलिसिस करायचं आणि मशीनला हात जोडून सांगायचं, बाई गं, तुझे फार उपकार झाले, आता येते मी. त्याच संध्याकाळी माझ्याकडे थेंब. दुसऱ्या सकाळी पुन्हा रक्त, आणि बघा चमत्कार! पण त्यानंतर अंगाला सुई लावू द्यायची नाही. सुईच्या भोकातून गुण गळून जातो. पथ्य संपलं. पाणी प्या, फळं खा, केळी खा, मजा करा!"

केळी! डायलिसिसच्या पेशंटला केळी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभा राहिलो.

"अहो, ते आकडे थेंबाचे नाहीत. तिनं त्या दिवशी डायलिसिस केलंय, मशीननं रक्त साफ केलंय—"

"कोण बोलतंय?" थेंबवाल्यानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "अरे, डॉक्टरसाहेब! या, या. मला एकच सांगा. हा शिक्का तुमचाच ना?"

"माझाच, पण—"

"आकडे खोटे आहेत?"

"खोटे नाहीत, पण—"

"डॉक्टरसाहेब म्हणतात आकडे खरे आहेत!" त्यानं हात वर केले. टाळ्या. "आणि मशीननं चार होत असतील, तर इतक्या वर्षांत ताईंच्या हातात चारचा एक तरी रिपोर्ट का आला नाही हो? ताई, तुम्हाला आठवतो कधी चारचा रिपोर्ट?"

माझ्या बहिणीनं मान हलवली. नाही. आणि ती खोटं बोलत नव्हती. हीच तर खरी गोम होती.

आम्ही महिन्याकाठी रक्त काढतो ते डायलिसिसच्या आधी. सगळीकडे तशीच पद्धत आहे. विष साचून साचून किती वर गेलं ते आम्हाला बघायचं असतं. मशीननंतर काढलंच, तर ते आमच्या हिशेबासाठी. तो आकडा आमच्या फाइलीत जातो, पेशंटला कोणी दाखवत नाही. त्यामुळे या माणसांनी वर्षानुवर्षं फक्त दहा, अकरा, बाराच पाहिलेले. मशीनवरून उठताना आपण दर वेळी चारवर येतो आणि पुढच्या खेपेपर्यंत परत चढतो, हे एकालाही ठाऊक नव्हतं. थेंबवाल्यानं नेमकं तेवढंच हेरलं होतं. आमचं काम आमच्याच शिक्क्यानिशी उचललं आणि स्वतःच्या बाटलीवर चिकटवलं.

हे सगळं मी तिथे ओरडून सांगितलं. ऐकतंय कोण? दोन पोरगेल्या स्वयंसेवकांनी मला अदबीनं दारापर्यंत पोचवलं.

दुसऱ्या दिवशी मी ताईच्या घरी गेलो. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, समोर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. मी बघत असताना तिनं तो एका दमात संपवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की काही विचारू नका.

"ताई, आज तुझी डायलिसिसची पाळी होती."

"मी निरोप घेतलाय."

"अगं, मशीन म्हणजे काय सासरहून आलेली पाहुणी आहे का, निरोप घ्यायला?"

"बारक्या, आवाज खाली." माझे केस पिकले, लोक मला मान देतात, पण या घरात मी बारक्याच. "तू किती वर्षं किडनीवर संशोधन करतोयस?"

"तुला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच विचारते. एवढ्या वर्षांत तू मला एक पेला पाणी पोटभर पिऊ दिलं नाहीस. घोट मोजून प्यायचा, फळ उकळून त्याचं पाणी फेकून खायचं, आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीला बांधून घ्यायचं. घरी यायचं ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी. त्या माणसानं मला पाणी दिलं, बारक्या. तुझं संशोधन तुला लखलाभ. माझी तहान मला."

तिचं दुःख खरं होतं. खोटा होता तो त्या दुःखावरचा इलाज. मी समजावलं, चिडलो, हात जोडले. एकदा रक्त तपासू दे म्हटलं तर तिनं हात पदराआड लपवला, लहान मुलीसारखा. "सुई नाही म्हणजे नाही. गुण जाईल."

"मग चमत्कार सुईला घाबरतो का गं?"

"तू जा आता," ती म्हणाली. निघताना माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. चपलांचे पट्टे मांसात रुतले होते. भाऊजी दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "जरा सुजलेत, नाही का? पण थेंबवाले म्हणाले की विष पायांतूनच उतरतं." मी कपाळावर हात मारून घेतला.

वाचणाऱ्याला वाटेल, एवढा डॉक्टर, त्यानं तिला उचलून दवाखान्यात का नेलं नाही? अहो, शुद्धीवर असलेल्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध सुया टोचता येत नाहीत. येऊही नयेत. पण त्या दोन दिवसांत माझा जो जळफळाट झाला, तो वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

शेवटी मार्ग सुचवला तो आमच्या डायलिसिस विभागाच्या मुख्य सिस्टरनं. ताईची रिकामी खुर्ची पुसता पुसता ती म्हणाली, "सर, सुई चालत नाही ना त्यांना? मग तुमच्या डोंगरांना कुठे सुई लागते?"

हे डोंगर म्हणजे माझं आयुष्यभराचं संशोधन. किडनी काम करेनाशी झाली की रक्तात पोटॅशियम साचतं, आणि केळ्यात तर ते भरपूर. फार साचलं की हृदय बंद पडतं, तेही न सांगता. रक्त न काढता हे आधी ओळखता येईल का, हा माझा ध्यास. ईसीजीच्या पट्टीवर, दर ठोक्यामागे, एक बुटकी गोल लाट असते. पोटॅशियम चढलं की ती उंच आणि टोकदार होते. डायलिसिस झालं की पुन्हा खाली बसते. हजारो पट्ट्या काढल्या मी. परिषदांत निबंध वाचले, समोर बोटांवर मोजता येतील एवढी माणसं, त्यातली दोन झोपलेली. आणि निष्कर्ष काय निघाला? डोंगर दिसला तर धोका नक्की. नाही दिसला तर धोका नाही असं मात्र छातीठोक सांगता येत नाही. उभ्या जन्माची मिळकत अशी अर्धी! खरं सांगणाऱ्याच्या हातात नेहमी 'पण' उरतो. थेंबवाल्याच्या बोलण्यात एकही 'पण' नसतो, म्हणून सभागृहं त्याची भरतात.

या संशोधनातली माझी पहिली पेशंट ताईच होती. मशीनला बसण्याआधी पट्टी, उठल्यावर पट्टी. तीच त्यांना डोंगर आणि मैदान म्हणायला लागली. "आज किती डोंगर चढले रे, बारक्या?" असं दर खेपेला विचारायची.

मी तिला फोन केला. "सुई नाही. नुसते चिकटपट्टीचे गोळे. आपले डोंगर-मैदान. चालेल?"

ताई म्हणाली, "आज संध्याकाळी सभा आहे. तिथेच काढ, सगळ्यांसमोर. म्हणजे तुझं तोंड कायमचं बंद होईल."

तिचा आवाज जड येत होता. मी सिस्टरला म्हटलं, सगळी औषधं पिशवीत भर आणि अँब्युलन्स सभागृहाच्या मागच्या दाराशी लावून ठेव.

सभा पहिल्यापेक्षा मोठी होती. दारात येईल त्याला केळं मिळत होतं. ताई व्यासपीठावर चढली ती भाऊजींच्या हाताला धरून, पायऱ्यांवर थांबत थांबत. थेंबवाल्याला तिनं स्वतःच सांगितलं, डॉक्टरांना पट्टी काढायची आहे, सुई लागत नाही.

तो क्षणभर घुटमळला. पण समोर एवढी गर्दी, नाही कसं म्हणणार? "काढा, काढा! कागदाला आम्ही भीत नाही! उलट पडद्यावरच दाखवा, लोकांना बघू द्या ताईंचं हृदय!"

सिस्टरनं तिला आडोशामागे निजवलं, तारा लावल्या. ईसीजीचं यंत्र त्याच्याच पडद्याला जोडलं. हिरवी रेघ सरकायला लागली. ठोक्यामागून ठोका, एकापेक्षा एक टोकदार. इतके उंच डोंगर मी ताईच्या पट्टीवर कधी पाहिले नव्हते.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात थेंबवालाच गरजला.

"पाहा! पाहा ही झेप! हृदय आनंदानं उड्या मारतंय! किडनी धुतली गेली की हृदय असं झेपावतं! हिला म्हणतात शक्ती!"

"शक्ती!" गर्दी म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी बहीण मरणाच्या दारात होती आणि लोक त्या दाराला टाळ्या देत होते.

आडोसा सरकला. सिस्टरच्या खांद्यावर भार टाकून ताई उठून बसली होती. ती पडद्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"काय म्हणालात?" तिनं विचारलं. "उंच म्हणजे चांगलं?"

"उत्तम!" थेंबवाला म्हणाला.

"आणि बुटकी, गोल असती तर?"

"तर वाईट! मरगळ! मशीनवरच्या लोकांची रेघ तशीच असते, मेल्यागत."

"बारक्या," ताई म्हणाली, "जुन्या पट्ट्या आणल्यास?"

आणल्या होत्या. सिस्टरनं मोबाइलवरून त्या पडद्यावर चढवल्या. वर डोंगर, खाली मैदान. मोठ्या अक्षरांत, आधी आणि नंतर.

ताईनं थेंबवाल्याच्या हातातला माईक मागितला. त्यानं तो दिला, अजून त्याच्या लक्षात आलं नव्हतं. "या माझ्याच पट्ट्या," ती दम खात म्हणाली. "डोंगर मशीनला बसायच्या आधीचा. मैदान उठल्यावरचं. इतकी वर्षं बघतेय मी. डोंगर दिसला की माझा हा भाऊ मला पळवत मशीनपाशी नेतो. कारण डोंगर म्हणजे हृदय थांबायला आलं. आणि तुम्ही त्याला शक्ती म्हणता? तुम्हाला काहीच माहीत नाही हो!"

"शंका आली की डोंगर येतो!" थेंबवाल्यानं सावरायचा प्रयत्न केला. "ताईंच्या मनात शंका शिरली—"

"शंका आत्ता आली," ताई म्हणाली. "डोंगर आधी आला."

कोणीतरी मागून ओरडलं, "पण अकराचे चार झाले होते ना? ते कसे?"

तोवर सिस्टरनं औषधाची पिचकारी भरली होती. ताईनं आपणहून हात पुढे केला. सुई शिरेत जात असताना मी गर्दीला विचारलं, "त्या दिवशी हिनं थेंबाखेरीज आणखी काय केलं होतं?"

मग पुढच्या रांगेतली एक बाई, हातावर तसल्याच फुगलेल्या शिरा, सावकाश म्हणाली, "डायलिसिस."

"मोठ्यानं."

"डायलिसिस केलं होतं! मीही केलं होतं. आम्ही सगळ्यांनीच केलं होतं. निरोपाचं!" आणि ती एकदम उठलीच. "म्हणजे आम्ही दर खेपेलाच चारवर येत होतो? मेल्या, आमचंच आम्हाला विकलंस?"

पुढचं मी पाहिलं नाही. आम्ही ताईला घेऊन मागच्या दारानं निघालो होतो. सिस्टर सांगते की केळी बऱ्याच जोरात व्यासपीठाकडे गेली.

ताई वाचली. मशीन चालू झालं, डोंगर हळूहळू बसत गेले. धड विचार करण्याइतकी हुशारी येताच तिनं पहिलं काय केलं असेल? दुसरा हात पुढे केला. "आता उठल्यावर रक्त घे. आणि उद्या सकाळीही घे. थेंब न घेता."

सकाळचा आकडा आला. चारच. तिनं तो कागद बराच वेळ हातात धरला. "हे तुम्ही आम्हाला आधी का नाही रे दाखवलं?" एवढंच म्हणाली. पद्धत नव्हती, हे काय उत्तर झालं?

मग तिनं शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. ती खुर्ची बेकरीवाल्याची. दोघांची पाळी एकाच वेळी असायची, गप्पा कधी संपत नसत. निरोपाचं डायलिसिसही दोघांनी एकाच दिवशी केलं होतं.

"तो नाही आला अजून?"

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. बेकरीवाला दुसऱ्या सभेच्या दिवशीच सकाळी गेला होता. उठला, फळं खाल्ली, मुलाला म्हणाला आज पायांत जोर नाही, आणि परत आडवा झाला तो झालाच. मुलाला अजूनही वाटतं की वडिलांचं वय झालं होतं. थेंबवाल्यानं त्याला सांगितलंय, विष पार निघून गेलं होतं, शांतपणे गेले. ताई भिंतीकडे तोंड करून रडली. मी मात्र नुसता जळत राहिलो. ती थेंबाची बाटली मी तपासून घेतली होती. साधं पाणी आणि वासाला पेपरमिंट. या पाण्यानं कोणी मेलं नाही. मेलं ते मशीन सोडल्यानं, आणि ते सिद्ध करायला गेलं की तो म्हणतो, मी कुठे सोडा म्हणालो, त्यांनीच निरोप घेतला!

तो आता दुसऱ्या शहरात आहे. तोच पांढरा वेश, तोच पडदा, आणि पडद्यावर अजून ताईचेच अकरा आणि चार, खाली माझा शिक्का. तक्रार केली आहे. चौकशी चालू आहे, म्हणजे काय ते तुम्ही समजा.

आमच्याकडे एक गोष्ट बदलली. ताई हटूनच बसली तेव्हा बदलली. आता दर खुर्चीपाशी छोटी पाटी असते, बसतानाचा आकडा आणि उठतानाचा आकडा. नवा पेशंट पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याचा विश्वास बसत नाही. "एवढं उतरतं?" एवढं उतरतं बाबा. आणि परत चढतं, म्हणून परत यायचं. त्यात चमत्कार नाही, कंटाळा आहे. पण जगणं त्या कंटाळ्यावरच चाललंय.

तेव्हा मंडळी, कोणी तुम्हाला आधी आणि नंतर दाखवलं तर भारावून जाऊ नका. मधे काय काय झालं ते विचारा. थेंब काढून टाका आणि पुन्हा मोजून बघा. आणि जो म्हणेल की पुन्हा मोजू नका, गुण जाईल, त्याच्या दारातून तिथल्या तिथे मागे फिरा.

परवा ताई मशीनवर असताना तिचा फोन वाजला. अनोळखी आवाज, कुठल्याशा दुसऱ्या शहरातली बाई. कुठून कोण जाणे नंबर मिळवला होता. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू येत होता.

"अकरावरून चारवर आलेल्या त्या ताई तुम्हीच का?"

"हो, मीच," ताई म्हणाली. "दर खेपेला येते. आत्ताही येतेय, मशीनवरच बसलेय."

मग तिनंच विचारलं, "तुम्ही निरोप घेतलात का मशीनचा?"

"परवा," ती बाई म्हणाली.

"केळं खाल्लंत?"

"हो."

"मग फोन ठेवा आणि निघा," ताई म्हणाली. "उद्या नको. आत्ता निघा."